भंगारात जाण्याआधी

महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये एक जाडजूड, कापडी पाठीची नोंदवही असते. तिला सगळे ‘डेडस्टॉक’ म्हणतात. उपकरण आलं की बिलाचा नंबर, तारीख, पुरवठादार, नग आणि किंमत तिच्यात चढते, आणि एकदा चढलेली वस्तू रीतसर निर्लेखन होईपर्यंत तिथून उतरत नाही. परीक्षानळ्या, अ‍ॅसिडं, फिल्टर पेपर यांची वही वेगळी. त्या वस्तू वापरून संपणार हे गृहीतच असतं. डेडस्टॉकमधल्या वस्तू मात्र हिशेबापुरत्या अमर असतात. स्वातंत्र्याआधी घेतलेला टॅन्जंट गॅल्व्हानोमीटर आज बंद असेल, अभ्यासक्रमातून गेला असेल, तरी वर्षअखेरच्या मोजणीत तो दाखवावाच लागतो. दाखवायचं काम लॅब असिस्टंटचं. म्हणून तो गॅल्व्हानोमीटर कुठल्या कपाटात, कुठल्या खणात, कशाच्या मागे आहे हे त्याला ठाऊक असतं. बहुतेक वेळा फक्त त्यालाच.

कॉलेजात विज्ञान-संग्रहालय करायचं असेल तर सुरुवात या वहीपासून आणि या माणसापासून करावी. हॉल, काचेची कपाटं, उद्‌घाटनाचे पाहुणे हे सगळं पुढचं. वही कुठं पळून जात नाही. माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो. साऱ्या कामात घाई करण्यासारखी गोष्ट ही एवढीच आहे, आणि नेमकी हीच सगळ्यांत शेवटी आठवते.

आधी हा माणूस करतो काय, ते पाहू. पगारपत्रकावर दोन हुद्दे दिसतात, प्रयोगशाळा सहायक आणि प्रयोगशाळा परिचर. मुलांच्या तोंडी दोघेही ‘मामा’. परिचर म्हणून लागलेला माणूस कपाटं पुसत, काचसामान धुत, सामान मांडत शिकतो आणि पुढे जागा निघाली, शिक्षण जुळलं तर सहायक होतो. त्यापुढे बढतीच्या पायऱ्या फारशा नाहीत. एकाच लॅबमध्ये पंचवीस-तीस वर्षं काढलेली माणसं म्हणूनच भेटतात. या काळात प्राध्यापक येतात-जातात, अभ्यासक्रम बदलतो, विभागप्रमुखाची खुर्ची फिरते. लॅबची स्मृती टिकते ती मामांच्या डोक्यात.

प्रॅक्टिकलची बॅच अकराची असेल तर मामांचं काम नऊला सुरू होतं. प्रत्येक टेबलावर प्रयोगाचं सामान मांडायचं, जोडण्या तपासायच्या, सोडियमचा दिवा वेळेवर लावायचा, कारण त्याला पूर्ण पिवळा उजेड द्यायला काही मिनिटं लागतात. केमिस्ट्रीत अनुमापनासाठी द्रावणं करायची, आणि तीही अशी की शंभर मुलांनी ब्युरेट भरली तरी उत्तर तेच यावं. प्राण्यांच्या बरण्यांतला द्रव उतरलाय का ते बघायचं. विद्यापीठाची परीक्षा असली की बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर एकही मीटर रुसता कामा नये. हे सारं कुठल्याही पुस्तकात सापडतं. पुस्तकात नसतं ते असं: चार नंबरच्या अ‍ॅमीटरचा काटा शून्याच्या आधी अडकतो, त्याला बोटाने टिचकी मारावी लागते, विद्युतरोध मोजायच्या पोस्ट ऑफिस बॉक्समधली पितळी खुंटी नुसती दाबून चालत नाही, दाबताना किंचित पिळावी लागते, नाहीतर संपर्क कच्चा राहून रीडिंग नाचतं, पावसाळ्यात स्थिरविद्युतचा प्रयोग लावायचा तर एबोनाइटचा दांडा आधी दिव्याखाली धरावा लागतो. मुलं ‘मामा, रीडिंग येत नाही’ म्हणतात, मामा येतात, एक वायर काढून परत लावतात, आणि रीडिंग येतं. जर्नलमध्ये त्या वायरचा उल्लेख कधीच नसतो.

विज्ञानाच्या इतिहासातही साधारण असंच झालं आहे. मायकेल फॅरडे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मार्च १८१३ मध्ये लागला तो प्रयोगशाळेतला मदतनीस म्हणून. पगार आठवड्याला २५ शिलिंग आणि माडीवरच्या दोन खोल्या. त्याचं पुढं काय झालं ते सर्वांना माहीत आहे. त्याच फॅरडेच्या हाताखाली चार्ल्स अँडरसन नावाचा तोफखान्यातून निवृत्त झालेला सार्जंट १८२७ मध्ये काचेच्या भट्टीसाठी आला आणि जवळपास चार दशकं राहिला. ‘आता घरी जा’ असं सांगायला फॅरडे विसरला म्हणून अँडरसन रात्रभर भट्टी पेटती ठेवून बसला होता, अशी एक गोष्ट सांगतात. फॅरडेवर पुस्तकांची कपाटं भरतील. अँडरसन त्यांत येतो तो बहुधा या भट्टीपुरता.

केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जे. जे. थॉमसनने १८९७ मध्ये इलेक्ट्रॉनचा छडा लावला, तो ज्या निर्वात काचनळ्यांमध्ये, त्या फुंकल्या होत्या एबेनेझर एव्हरेट या सहायकाने. थॉमसनचा हात उपकरणांच्या बाबतीत जड होता, आणि नाजूक जोडणीला त्याने हात लावू नये अशीच एव्हरेटची इच्छा असे, असं म्हणतात. तिथल्याच कार्यशाळेत काम केलेल्या विल्यम जॉर्ज पाय याने १८९६ मध्ये उपकरणं बनवायचा स्वतःचा उद्योग काढला. आपल्याकडच्या जुन्या लॅबमधल्या एखाद्या उपकरणावर ‘डब्ल्यू. जी. पाय, केंब्रिज’ अशी पट्टी दिसली तर ती या घराण्यातली.

केंब्रिजचंच आणखी एक उदाहरण संग्रहालयाच्या दृष्टीने जास्त बोलकं आहे. रॉबर्ट व्हिपल याने क्यू वेधशाळेत सहायक म्हणून सुरुवात केली आणि पुढे केंब्रिज सायंटिफिक इन्स्ट्रुमेंट कंपनीचा तो प्रमुख झाला. आयुष्यभर तो जुनी उपकरणं आणि जुने ग्रंथ जमवत राहिला. १९४४ मध्ये त्याने सुमारे हजार उपकरणं आणि जवळजवळ तितकेच ग्रंथ केंब्रिज विद्यापीठाला दिले. त्यातून व्हिपल संग्रहालय उभं राहिलं. उपकरण हातात धरून ज्याने दिवस काढले, त्याला ते टाकून देववलं नाही, इतकी साधी ती गोष्ट आहे.

पुण्याची गोष्ट उलट दिशेची. तिथल्या सायन्स कॉलेजमध्ये, म्हणजे पुढच्या अभियांत्रिकी कॉलेजात, प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभारली. १८८८ पासून ती चालली. तिच्यात ग्रब कंपनीची २० इंची परावर्ती दुर्बीण होती. जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला नायगमवाला आपली तुकडी घेऊन जेऊरला गेले होते. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि दुर्बीण कोडाईकॅनालला गेली. निदान ती भंगारात तरी गेली नाही. पण एका माणसाच्या निवृत्तीबरोबर कॉलेजातली अख्खी वेधशाळा संपू शकते, हे पुण्याने शंभर वर्षांपूर्वी पाहिलं आहे.

आता प्रत्यक्ष काम. पहिलं पाऊल कागदाचं आहे आणि ते कंटाळवाणं आहे. जुनी उपकरणं बाहेर जातात ती निर्लेखनाच्या मार्गाने. विभाग यादी करतो, समिती बसते, वस्तू ‘निरुपयोगी’ ठरते, लिलाव होतो आणि भंगारवाला किलोवर भाव करतो. त्याच्या काट्यावर टॅन्जंट गॅल्व्हानोमीटर म्हणजे अमुक किलो पितळ, आणि रासायनिक तराजू म्हणजे थोडं पितळ नि सागवानी लाकूड. बहुधा हे सारं कॉलेजच्या नॅक मूल्यांकनाच्या आधीच्या महिन्यात उरकलं जातं, कारण तेव्हा खोल्या मोकळ्या आणि भिंती पांढऱ्या दिसायला हव्या असतात. संग्रहालय करणाऱ्याने या यादीच्या आधी पोचलं पाहिजे. वस्तू निर्लेखित करण्याऐवजी ‘संग्रहालयाकडे वर्ग’ असा शेरा मारून घ्यावा आणि संग्रहालयाची स्वतंत्र डेडस्टॉक वही उघडावी. म्हणजे ऑडिटरलाही हरकत राहत नाही आणि वस्तूचा मूळ नोंद-क्रमांक, खरेदीचं साल, किंमत यांची साखळी तुटत नाही. उपकरणाच्या बुडाला ऑइलपेंटने लिहिलेला तो जुना आकडा चुकूनही खरवडू नये. वस्तू आणि वही यांच्यातला धागा तोच.

यानंतर कपाटं उघडायची. इथं मात्र थांबावं, कारण जुन्या लॅबच्या कपाटात अशा वस्तू असतात की ज्यांना हात लावण्याआधी माहितगार माणूस शेजारी हवा.

दिल्लीचं उदाहरण ध्यानात ठेवण्यासारखं आहे. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाने १९६८ मध्ये गॅमा किरण देणारं एक उपकरण घेतलं होतं. १९८५ नंतर ते वापरात नव्हतं. २०१० च्या फेब्रुवारीत जुन्या सामानाबरोबर तेही लिलावात गेलं आणि मायापुरीच्या भंगारबाजारात फोडलं गेलं. आत कोबाल्ट-६० होता. एप्रिलमध्ये एक कामगार दगावला आणि आणखी काही जणांना किरणोत्साराची बाधा झाली. पंचवीस वर्षं कोपऱ्यात पडलेली वस्तू काय आहे, हे सांगणारं त्या वेळी तिथं कुणी नव्हतं. आपल्या कॉलेजात सहसा इतकं जबरदस्त काही नसतं. तरी गायगर काउंटरच्या प्रयोगासाठी घेतलेले किरणोत्सारी स्रोत, युरेनियमची लवणं, रेडियमच्या रंगाने चमकणारे जुने काटे असू शकतात. असं काही निघालं तर ते वेगळं कुलूपबंद करून मुंबईच्या अणुऊर्जा नियामक परिषदेला लिहावं. संग्रहालयात त्याचा फोटो लावला तरी पुरतो.

केमिस्ट्रीच्या स्टोअरमध्ये पहिली शोधायची ती पिक्रिक अ‍ॅसिडची बाटली. हा पिवळा पदार्थ ओला असेपर्यंत शांत असतो. वाळला की स्फोटक होतो, आणि झाकणाच्या आट्यांत त्याचे कोरडे कण बसले असतील तर नुसतं झाकण फिरवणंही धोक्याचं. झूलॉजीतही तो सापडतो, कारण ऊती टिकवायच्या बुआँ द्रावणात तो लागतो. जुनी बाटली दिसली की उघडायची नाही, हलवायची नाही, तज्ज्ञांना बोलवायचं. ईथरच्या जुन्या बाटल्यांनाही हाच नियम. तारेच्या जाळीवरचा पांढरा गोल अ‍ॅस्बेस्टॉसचा असतो. तो झटकू नये, बंद पिशवीत ठेवावा.

पाऱ्याचा प्रश्न सगळीकडे येतो. फोर्टिनचा वायुभारमापक, थर्मामीटर, जस्ताच्या कांड्यांना पारा चोळून करायचे जुने डॅनियल घट. वायुभारमापक संग्रहालयात हवाच. भिंतीवर टांगलेली ती लांब पितळी नळी आणि तळाशी पाऱ्याला टेकणारं हस्तिदंती टोक बघण्यासारखं असतं. पण तो उचलून आडवा करून नेता येत नाही. बुडाचा स्क्रू फिरवत पारा नळीत वरपर्यंत चढवतात, मग सावकाश कलता करून उलटा करतात आणि तसाच नेतात. तसं न केलं तर पारा काचेवर वरून आदळतो आणि नळी फुटते. हे ज्याने एकदा केलंय त्याच्याकडूनच करवून घ्यावं. पारा सांडलाच तर झाडू मारायचा नाही आणि व्हॅक्यूम क्लीनर तर मुळीच लावायचा नाही, कारण दोन्हींमुळे थेंब बारीक होऊन वाफ वाढते. खिडक्या उघडायच्या, कार्डाने थेंब एकत्र ढकलायचे, ड्रॉपरने उचलायचे, फटींत गंधकाची पूड टाकायची. जुन्या लॅबमध्ये गंधकाची बाटली यासाठीच हाताशी असे.

बायोलॉजीच्या बाजूला कायदाही येतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या आधीच्या काळात जमवलेले प्रवाळ, समुद्रघोडे, कासवाच्या पाठी कॉलेजांच्या कपाटात असतात, आणि यातल्या अनेक प्रजाती आज संरक्षित आहेत. त्या मांडण्याआधी वनविभागाशी बोलून कागदपत्रं नीट करावीत. फॉर्मॅलिनच्या बरण्यांना डोळे मिटून द्रव घालू नये. काही नमुने फॉर्मॅलिनमध्ये असतात, काही स्पिरिटमध्ये, आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. कुठली बरणी कशाची हे पुन्हा मामांनाच विचारावं लागतं. फॉर्मॅलिन कर्करोगकारक आहे हे आता पक्कं ठाऊक आहे. त्यामुळे बरण्या मोकळ्या हवेत, हातमोजे घालूनच उघडाव्यात. वनस्पतींच्या जुन्या सुकवलेल्या पानांवर किडीपासून बचाव म्हणून मर्क्युरिक क्लोराइड लावत असत. तीही उघड्या हातांनी चाळू नयेत. हर्बेरियम नीट ठेवलं तर किती मोलाचं होतं हे बघायचं असेल तर मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातलं ब्लॅटर हर्बेरियम आहेच.

धोके बाजूला काढले की खऱ्या आनंदाचं काम सुरू होतं: वस्तू ओळखणं. पट्टीवर नाव असेल तर बरं. आपल्याकडची कितीतरी उपकरणं अंबाल्याची, त्याआधीची इंग्लंडची. नाव नसेल तर डेडस्टॉक वही, जुनी कॅटलॉगं आणि मुलांची जुनी जर्नलं कामी येतात. कुणा माजी विद्यार्थ्याच्या माळ्यावर साठ वर्षांपूर्वीचं सर्टिफाइड जर्नल निघालं तर त्यात उपकरणाची आकृती, त्याचा नंबर आणि त्या दिवशीची रीडिंगं असतात. एखादं उपकरण त्याच्याच जुन्या रीडिंगांसह मांडता आलं तर त्यापरतं दुसरं लेबल नको.

यानंतर मामांशी बसायचं. इथं बहुतेक जण घाईत ‘हे काय आहे?’ असं विचारतात. तो प्रश्न वाया जातो; ते काय आहे हे पुस्तकात आहे. विचारायचं ते वेगळं. सुरू कसं करायचात? आधी काय बिघडायचं? बिघडल्यावर काय केलंत? सुटा भाग मिळाला नाही तेव्हा कशाने भागवलंत? प्रत्येक उपकरण टेबलावर ठेवून, मोबाइलवर व्हिडिओ घेत, हातांवर कॅमेरा धरून हे विचारावं. चेहऱ्यापेक्षा हात महत्त्वाचे. लेक्लांशे घटाची सच्छिद्र कुंडी नवसागराच्या द्रावणात ठेवून विद्युतप्रवाह देईपर्यंत किती वाट पाहायची, रासायनिक तराजूची आडवी दांडी मोकळी करताना मूठ किती हळू फिरवायची, चाकूधारेच्या अकीकाला धक्का बसू नये म्हणून वजनं ठेवताना दांडी आधी कशी अडकवायची, हे बोलून सांगता येत नाही, दाखवता येतं. एकेका उपकरणाला निवांत वेळ द्यावा. मामा सुरुवातीला ‘यात काय सांगायचं’ म्हणतील. एखादं उपकरण त्यांच्या हातात दिलं की बोलणं आपोआप सुरू होतं.

स्वच्छतेचा मुद्दा वरवर किरकोळ वाटतो, पण सगळ्यांत जास्त नुकसान तिथं होतं. जुन्या पितळी उपकरणांवर कारखान्यातच लाखेचा पातळ थर दिलेला असतो. तो किंचित पिवळट, डागाळलेला दिसतो, आणि उद्‌घाटनाच्या आदल्या दिवशी कुणीतरी उत्साहाने पितांबरी नाहीतर चिंच घेऊन बसतं. तासाभरात पितळ चकाकतं, लाख निघून जाते, अंशांच्या बारीक रेघांत भरलेलं काळं मेणही जातं आणि ते उपकरण कायमचं बिघडतं. कोरडा मऊ ब्रश आणि कोरडं सुती कापड, याच्यापलीकडे जाऊ नये. एबोनाइटचं वेगळंच दुखणं असतं. त्यात गंधक असतं, उजेडात त्याचा पृष्ठभाग हिरवट-तपकिरी पडतो, आम्लधर्मी होतो आणि विद्युतरोधक गुण कमी होतो. म्हणून एबोनाइटच्या खुंट्या, चकत्या, पेट्यांची झाकणं उन्हाच्या खिडकीसमोर मांडू नयेत. विवर्तन जाळीच्या पृष्ठभागाला तर बोटच लावायचं नाही. इंचाला १५,००० रेषांच्या त्या पटलावर बोटाचा ठसा उमटला की तो कुठल्याच कापडाने निघत नाही. अशी जाळी मामा वर्षानुवर्षं तळहाताच्या फोडासारखी जपतात, आणि एक उत्साही स्वयंसेवक पाच मिनिटांत तिचं वाटोळं करतो.

मांडणी करताना माझा आग्रह एकच: सगळं मांडू नका. वीस गॅल्व्हानोमीटर ओळीने ठेवले की पाहणारा तिसऱ्यावरच कंटाळतो. एक ठेवा आणि तो समजेल असा ठेवा.

टॅन्जंट गॅल्व्हानोमीटरच घ्या. उभ्या गोल चौकटीवर तांब्याच्या तारेचे वेढे, तेही तीन संचांत, बहुधा २, ५० आणि ५०० वेढ्यांचे. मधोमध आडव्या डबीत छोटी चुंबकसूची, तिला काटकोनात जोडलेला लांब अ‍ॅल्युमिनियमचा काटा, आणि काट्याखाली आरसा. चौकट चुंबकीय उत्तर-दक्षिण रेषेत ठेवायची. प्रवाह सोडला की वेढ्यांचं चुंबकीय क्षेत्र सूचीला पूर्व-पश्चिम खेचतं, पृथ्वीचं क्षेत्र उत्तर-दक्षिण. सूची दोघांमध्ये कुठंतरी स्थिरावते. ती जितकी वळते त्या कोनाच्या टॅन्जंटच्या प्रमाणात विद्युतप्रवाह असतो. रीडिंग ४५ अंशांच्या आसपास घ्यायचं, कारण तिथं कोनातल्या छोट्या चुकीचा उत्तरावर सगळ्यांत कमी परिणाम होतो. काटा आणि आरशातलं त्याचं प्रतिबिंब एकमेकांवर आलं की मगच आकडा वाचायचा. प्रवाहाची दिशा उलटवून, काट्याची दोन्ही टोकं वाचून चार रीडिंगं घ्यायची आणि सरासरी काढायची. हे सारं शेजारी छोट्या आकृतीसह लिहावं, आणि एक टॉर्चचा सेल, एक रिओस्टॅट, एक कम्युटेटर जोडून ठेवावा. पाहणाऱ्याने स्वतः दिशा उलटवली आणि काटा दुसऱ्या बाजूला गेला की त्याला त्या दोन क्षेत्रांची रस्सीखेच समजते. जागा मात्र विचारपूर्वक निवडावी. शेजारी गोदरेजचं लोखंडी कपाट असेल तर सूची उत्तरेऐवजी कपाटाकडे कलते. मोबाइलमधलं स्पीकरचं चुंबकही काटा हलवतं. तेही मुद्दाम दाखवण्यासारखं आहे.

किपचं उपकरण असंच बोलतं करता येतं. पेट्रस याकोबुस किप या डच औषधविक्रेत्याने ते १८४४ च्या सुमारास काढलं. काचेचे तीन फुगे एकावर एक. वरच्यात आम्ल, मधल्यात फेरस सल्फाइडचे तुकडे. वरच्या फुग्यातून एक नळी थेट तळाशी उतरते. तोटी उघडली की आम्ल तळातून वर चढून तुकड्यांना भिडतं आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. तोटी बंद केली की साचलेला वायू आम्लाला मागे ढकलतो, तुकडे कोरडे पडतात, अभिक्रिया थांबते. वीज नाही, पंप नाही, हवं तेव्हा वायू. सॉल्ट अ‍ॅनालिसिससाठी हा वायू रोज लागे आणि सडक्या अंड्यांचा वास कॉरिडॉरभर पसरे. संग्रहालयात तोच वायू काढू नये, तो विषारी आहे. फेरस सल्फाइडऐवजी संगमरवराचे तुकडे आणि विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घालावं. कार्बन डायऑक्साइड निघतो, चुन्याच्या निवळीतून सोडला की ती दुधाळ होते, आणि आम्लाची वरखाली अगदी मूळ उपकरणासारखीच दिसते. वासाबद्दल लेबलावर एक ओळ लिहिली तरी जुने विद्यार्थी तिथं थबकतील.

लेबल मराठीतच असावं आणि पन्नासएक शब्दांपुढे जाऊ नये. उपकरणाचं नाव, कशासाठी होतं, कसं चालायचं, कधी घेतलं, किती किमतीला. त्याखाली मात्र एक ओळ अशी असावी, जी सहसा कुठल्याच संग्रहालयात दिसत नाही: दुरुस्ती कुणी केली. सूची टांगायचा रेशमाचा धागा तुटल्यावर नवा कुणी लावला, कुठल्या वर्षी, कशाने. बाहेरच्या शाळांतली मुलं ती ओळ वाचून प्रश्न विचारतात, आणि लॅबमध्ये अजून नोकरीत असलेले मामाही ती ओळ वाचतात.

काय चालू ठेवायचं आणि काय नाही, याचा निर्णय भावनेने करू नये. रुमकॉर्फची गुंडाळी आणि क्रूक्सच्या नळ्या रंगीत प्रकाशाने डोळे दिपवतात, पण व्होल्टेज धोक्याचं असतं आणि काही नळ्यांतून क्ष-किरणही निघू शकतात. त्या कुलपात ठेवाव्यात, शेजारी व्हिडिओ लावावा. गॅल्व्हानोमीटर, किप, मीटर ब्रिज, दोलक, प्रिझम यांना हात लावू द्यावा. मूळ वस्तू एकच असेल तर तिची नक्कल करून ती वापरात ठेवावी आणि तसं स्पष्ट लिहावं.

संग्रहालय उघडल्यावर खरी कसोटी सुरू होते, कारण पाहुणे जातात आणि पावसाळा येतो. मेअखेरीला लाकडी पेट्या वाळवीसाठी तपासाव्यात. जूनपासून कपाटांत सिलिका जेलच्या पुड्या; रंग बदलला की तव्यावर भाजून पुन्हा वापरता येतात. कोकणात त्या सतत बदलाव्या लागतील, विदर्भात उन्हाळ्यात लाकूड तडकणार नाही ना हे बघावं लागेल. बरण्यांची पातळी दर सहामाहीला. विम्सहर्स्ट यंत्राच्या दोन उलट फिरणाऱ्या चकत्या दमट हवेत भार धरत नाहीत, ठिणगी पडत नाही आणि मुलांसमोर फजिती होते. म्हणून ते पावसाळाभर झाकून ठेवावं. थंडी सरता सरता हवा कोरडी असते आणि २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन येतो, १९२८ च्या रामन परिणामाच्या स्मरणार्थ. आसपासच्या शाळांना बोलवायचा तोच दिवस ठेवावा. ठिणगी त्या दिवशी हमखास पडते.

आणि त्या दिवशी यंत्राचं हँडल फिरवायला निवृत्त लॅब असिस्टंटना बोलवावं. हार-नारळावर भागवू नये. वर्षातून ठरलेले काही दिवस ते येतील, नव्या परिचराला तराजू आणि वायुभारमापक हाताळायला शिकवतील, बरण्या बघतील, आणि त्याबद्दल त्यांना मानधन आणि प्रवासखर्च मिळेल, असा ठराव व्यवस्थापनाकडून करून घ्यावा. अंदाजपत्रकात ती रक्कम ‘किरकोळ’ या सदरात घालू नये. तिला स्वतःची ओळ द्यावी, नाहीतर पहिल्याच काटकसरीत ती उडते.